कुदळ नव्हे, फावडंही नव्हे : आयरिश लेखकांच्या गावांबद्दल वाचकांचे प्रश्न

आयर्लंडचे कवी, लेखक आणि त्यांची गावं यांविषयी सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्यांची उत्तरं एकच होती ते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (मिरज) : शेमस हीनी यांची ‘डिगिंग’ ही कविता आमच्या वाचनमंडळासाठी मराठीत आणतो आहे. ‘स्पेड’ला कुदळ म्हणावं की फावडं? आणि ‘टर्फ’ला काय म्हणावं?

उत्तर : कुदळही नको आणि नुसतं फावडंही नको. आपल्याकडे कुदळ डोक्याच्या वर उचलून खाली घालतात आणि फावड्याने माती स्वतःकडे ओढतात. हीनींच्या वडिलांच्या हातातलं अवजार यातलं काहीच करत नाही. त्याचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत असतं. पात्याच्या वरच्या कडेवर बूट ठेवायचा, अंगाचं वजन टाकून पातं जमिनीत दाबायचं, दांडा गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि तरफेसारखा मागे घ्यायचा, की मातीचा गड्डा उचलला जातो. मूळ कवितेतला ‘लग’ म्हणजे ती बूट टेकवायची कड. कोश पाहून तिथे ‘कान’ घातलात तर ओळ कोसळेल.

याला इतकं महत्त्व का, ते कवितेच्या दोन टोकांना दिसतं. सुरुवातीला बोट आणि अंगठा यांच्यामध्ये पेन टेकलेलं आहे, शेवटी त्याच पेनाने खणायचं म्हटलं आहे. मधे बूट कडेवर टेकला आहे, दांडा गुडघ्याला लागला आहे. सगळीकडे टेकणं, दाबणं, अंगाला लागून असणं आहे. कुदळ घातलीत की वाचकाच्या डोळ्यांपुढे हात वर जातो, घाव पडतो, आणि पेनाशी असलेलं नातं तुटतं. ‘पायाने दाबायचं फावडं’ असं एकदा पहिल्या उल्लेखाला म्हणा, पुढे फक्त ‘फावडं’ चालेल.

बटाट्याच्या ओळींसाठी खटाव-पुसेगाव भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो ‘वरंबा’ म्हणेल. बटाटा सरीत नसतो, वरंब्यात असतो. ‘टॉप्स’ म्हणजे शेंडे नव्हेत, तो बटाट्याचा पाला आहे.

आता टर्फ. वडील बटाटे काढतात, आजोबा टर्फ कापतात, हे दोन वेगळे उद्योग आहेत. दलदलीत हजारो वर्षं न कुजलेली शेवाळं आणि झाडपाला साठून जो थर होतो, तो कापून, वाळवून जाळतात. ताज्या थरात वजनाच्या सुमारे नव्वद टक्के पाणीच असतं, म्हणून वाळवणं हेच खरं काम. एप्रिल-मेमध्ये ‘श्लान’ नावाच्या अरुंद फावड्याने लांबट वड्या कापतात. त्या पात्याला काटकोनात एक पंख असतो, त्यामुळे एका दाबात वडीच्या दोन बाजू कापल्या जातात. वड्या आधी पसरून ठेवतात, वरची बाजू आवळली की पाच-सहा वड्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात म्हणजे मधून वारा खेळतो, आणि पुरत्या वाळल्यावर रचून घरी नेतात. पावसाळी वर्षी त्या उभ्या करायला उशीर झाला तर खालची बाजू ओलीच राहते, आणि ओली वडी धुरकट जळते.

वरचा थर नवा, भुसभुशीत, लवकर जळून जाणारा. खालचा जुना, काळा, घट्ट, जास्त वेळ आच देणारा. आजोबा चांगल्या टर्फसाठी खाली, आणखी खाली जात राहतात, ही ओळ आधी या कामाची माहिती आहे. तिच्यातली खोली त्या माहितीवर उभी आहे. म्हणून ‘टर्फ’ हा शब्दच ठेवा आणि त्याच ओळीत ‘दलदलीतलं जळण’ असा आधार द्या. शेणी म्हणू नका, कारण शेणी थापतात, कापत नाहीत. कोळसाही म्हणू नका.

मंडळात वाचून दाखवणं वेगळं, पण अनुवाद छापायचा असेल तर परवानगी लागेल. हीनी २०१३ मध्ये गेले. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०७३ अखेरपर्यंत.

प्रश्न (पलूस) : कवी येट्सच्या बुरुजात पुराचं पाणी शिरतं असं वाचलं. आम्ही कृष्णाकाठची माणसं, म्हणून विचारतो : हे पाणी येतं कुठून? आणि तिथे कोणत्या महिन्यात जावं?

उत्तर : थूर बॅलिली हा बुरूज गॉलवे परगण्यात, गॉर्ट या गावाजवळ आहे. येट्सने तो १९१७ मध्ये ३५ पौंडांना घेतला, दुरुस्त केला आणि १९२९ पर्यंत उन्हाळ्यांत कुटुंबासह तिथे राहिला. ‘थूर’ म्हणजे आयरिश भाषेतला बुरूजच. पायाशी एक छोटी नदी आणि पूल आहे, आत चार मजले आणि दगडी गोल जिना आहे. त्याच्या उत्तरायुष्यातल्या दोन संग्रहांची नावं याच बुरुजावरून आणि याच जिन्यावरून आली.

सांगलीत आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तिथे पाणी वरून येतं, नदीपात्रातून येतं, आणि पुढच्या संगमांवरची फुग त्याला धरून ठेवते. बॅलिलीचं गणित निराळं. पूर्वेकडच्या स्लीव्ह ऑटी डोंगरांवरून ओढे येतात ते वालुकाश्मावरून. गॉर्टच्या सपाटीला आले की खाली चुनखडक लागतो. चुनखडक पाण्यात विरघळतो, त्याला भोकं, भेगा आणि भुयारं पडलेली असतात. नदी तिथे जमिनीत बुडते, पुढे वर येते, पुन्हा बुडते, आणि अखेर किनव्हाराजवळ समुद्राला मिळते. हिवाळ्यात पाऊस लागून राहिला की भुयारांना तेवढं पाणी घेता येत नाही. मग ते तुंबतं आणि बुरुजाच्या तळमजल्यात शिरतं. २००९ च्या पुरानंतर बुरूज बंदच पडला होता. स्थानिक मंडळींनी तो २०१५ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडला आणि त्याच हिवाळ्यात पाणी परत आत आलं. म्हणून जायचं ते जून ते ऑगस्ट, आणि निघण्याआधी उघडा आहे का याची खात्री करून.

हे नुसतं प्रवासाचं तपशीलवजा बोलणं नाही. १९३१ साल नावातच असलेल्या कूल आणि बॅलिलीवरच्या कवितेत येट्स स्वतःच्या खिडकीखालून धावणारं पाणी दाखवतो. ते जमिनीखाली जातं आणि कूलच्या खडकाळ जागी पुन्हा वर येतं. मग तो विचारतो, पाणी म्हणजे जन्माला आलेला आत्माच ना? भूगोल न कळता वाचलं तर ही रूपकाची कसरत वाटते. तिथे तर तो डोळ्यांसमोरचा ओढा आहे, आणि तो खरोखरच तीन-चार मैलांवर, मैत्रिणीच्या घराजवळ वर येतो.

ती मैत्रीण नाटककार लेडी ग्रेगरी, आणि घर कूल पार्क. तिथे घर शोधत जाऊ नका, ते १९४१ मध्ये पाडलं. चौथरा आहे, भिंतीच्या आतली बाग आहे आणि बागेत तांबूस पानांचा एक बीच वृक्ष आहे, ज्याच्या सालीवर येट्स, शॉ, सिंग, ओकेसी या लेखकांच्या आद्याक्षरांच्या खुणा आहेत. झाड वाढलं तशी अक्षरं ताणली गेली आहेत. झाडाला आता कुंपण आहे, त्यामुळे थोड्या अंतरावरूनच पाहावं लागतं. दुपारच्या तिरप्या उजेडात अक्षरं जास्त उठतात.

कूलचं तळंही याच चुनखडकाचं लेकरू. त्याला आयर्लंडमध्ये टर्लख म्हणतात : पावसात भरतं, उन्हाळ्यात जमिनीतल्या भोकांवाटे उतरतं. येट्सची एकोणसाठ हंसांची ती प्रसिद्ध कविता ऑक्टोबरातल्या संध्याकाळची आहे, पाणी काठोकाठ असतानाची. आइसलंडहून हिवाळी हंस येतात तेही शरदातच. जूनमध्ये गेलात तर पाणी ओसरलेलं असेल आणि एकोणसाठ काही मिळणार नाहीत. बुरूज हवा तर उन्हाळा, हंस हवे तर ऑक्टोबर. दोन्ही एका फेरीत साधणं कठीण.

प्रश्न (कराड) : मुलगी डब्लिनला शिकते. जूनमध्ये आम्ही नवरा-बायको आठ दिवसांसाठी जाणार आहोत. लेखकांची ठिकाणं कशी बसवावीत? व्हिसा एकच लागतो का?

उत्तर : व्हिसापासून सुरुवात करू, कारण तिथेच लोक अडकतात. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालत नाही. आयर्लंडचा अल्पमुदतीचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. हीनींचं बेलाही हे गाव उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं. सीमेवर चौकी दिसणार नाही, बसही थांबणार नाही, तरी कायद्याने तिथला व्हिसा हवा. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश अशी एक सामाईक सोय आहे : व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं छापलेली असली तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. अट ही की, व्हिसा ज्याने दिला त्या देशात आधी उतरायचं. पासपोर्ट हातात आला की ती अक्षरं आहेत का ते आधी पाहा. नसतील तर बेलाही सोडून द्या.

आठ दिवसांत केरीचा किनारा आणि ब्लास्केट बेटंही बसवायचा मोह आवरा. डब्लिनला तीन दिवस, स्लायगोला दोन, गॉलवेला दोन आणि एक दिवस हातचा ठेवा. डब्लिनच्या कॉनली स्थानकातून स्लायगोची गाडी सुमारे तीन तास घेते. स्लायगो ते गॉलवे सरळ रेल्वे नाही, बसने जा, अडीच तास धरा. गॉलवेहून गॉर्टला रेल्वे आहे, पण गॉर्टहून बॅलिलीच्या बुरुजापर्यंत बस नाही. टॅक्सी ठरवताना परतीचीही ठरवा, कारण त्या आडरस्त्यावर हात दाखवून गाडी मिळत नाही.

स्लायगोत ड्रमक्लिफचं चर्च शहरापासून आठेक किलोमीटरवर, बेन बुल्बेन डोंगराच्या पायथ्याला आहे. येट्सची समाधी तिथे आहे. तो १९३९ मध्ये फ्रान्समध्ये वारला, आणि त्याच्या अस्थी १९४८ मध्ये आयरिश नौदलाच्या जहाजातून इथे आणल्या. ज्या मॉड गॉनवर त्याने जन्मभर कविता लिहिल्या, तिचाच मुलगा शॉन मॅकब्राइड तेव्हा परराष्ट्रमंत्री होता. फ्रान्समधली मूळ कबर दरम्यान उकरली गेली होती, त्यामुळे आणलेल्या अस्थी खरंच त्याच्या का, हा वाद आजही आहे. ‘घोडेस्वारा, पुढे जा’ हा शेवटच्या काळातल्या कवितेतला लेख मात्र दगडावर त्याच्या इच्छेप्रमाणेच आहे, आणि डोंगर समोर आहे. कबरीकडे पाठ करून डोंगर बघा, मग वळून लेख वाचा.

इनिसफ्री हे बेट लॉख गिल तळ्यात आहे आणि फार लहान आहे. काठावरून किंवा फेरीच्या होडीतून पाहायचं, इतकंच. कवितेतलं घर माती आणि ‘वॉटल’चं आहे, म्हणजे आपल्या कुडाचं : काटक्या विणायच्या आणि वरून माती लिंपायची. दुपारची जांभळी झाक आहे ती हेदर या झुडपाच्या फुलांची. बेटाच्या आयरिश नावातही हेदरच आहे. कासच्या पठारावर सीतेची आसवं फुललेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जमिनीनेच उजेडाला रंग देणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

कपड्यांबाबत एकच : छत्री नको. पश्चिम किनाऱ्यावर वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट आणि आतून गरम कपडा घ्या. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवणानंतरही फिरता येतं.

प्रश्न (सातारा) : जॉइसच्या ‘युलिसिस’मधली डब्लिन एका दिवसात पायी होते का?

उत्तर : सगळी नाही, एक तुकडा नीट होतो. दुपारचं जेवण शोधत कादंबरीचा नायक ब्लूम चालत जातो त्या प्रकरणाच्या वाटेवर १९८८ मध्ये चौदा पितळी पाट्या फरशीत बसवल्या आहेत, मिडल ॲबी स्ट्रीटपासून किल्डेअर स्ट्रीटच्या संग्रहालयापर्यंत. प्रत्येक पाटीवर त्या जागेचा मजकूर आहे. पाट्या पायाखाली असल्याने नजर खाली ठेवा, नाहीतर निम्म्या निसटतात. रमतगमत दीड तास. वाटेतच डेव्ही बर्नची खानावळ लागते, जिथे ब्लूम चीज सँडविच खातो. जवळच लिंकन प्लेसला स्वीनीचं औषधाचं जुनं दुकान आहे. तिथे आता औषधं मिळत नाहीत. हौशी मंडळी ते चालवतात, जॉइसचं वाचन होतं आणि कादंबरीतला लिंबाचा साबण विकत मिळतो.

एकल्स स्ट्रीटवर ब्लूमचं सात नंबरचं घर शोधू नका, ते पाडलं आहे. त्याचं दार नॉर्थ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरच्या जॉइस केंद्रात ठेवलं आहे. सँडिकोव्हच्या गोल बुरुजाला मात्र सकाळीच जा. डार्ट लोकलने सँडिकोव्ह स्थानक, तिथून पंधरा मिनिटं चालत. नेपोलियनच्या भीतीने १८०४ मध्ये बांधलेला हा बुरूज. जॉइस तिथे सप्टेंबर १९०४ मध्ये सहाच रात्री राहिला, पण कादंबरी तिथून सुरू होते. जिना अगदी चिंचोळा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर खालीच थांबावं. १६ जूनला, म्हणजे कादंबरीच्या दिवशी, गर्दी फार असते. पाट्या वाचायच्या असतील तर १५ किंवा १७ जून गाठा.

प्रश्न (वाई) : यीट्स की येट्स? ही आयरिश नावं मराठीत कशी लिहायची?

उत्तर : येट्स. कीट्सशी यमक जुळत नाही. सिंज नव्हे सिंग, स्लिगो नव्हे स्लायगो. आयरिश शब्दांत ई किंवा आय या स्वरांच्या शेजारचा एस बहुधा ‘श’ होतो : शेमस, शॉन. ‘बीएच’ आणि ‘एमएच’ ही जोडअक्षरं बहुतेक वेळा ‘व’ होतात : शिवॉन, नीव्ह. तळ्याला लॉख म्हणतात, आणि त्यातला ‘ख’ घशातून घासत काढायचा. डब्लिनजवळच्या बंदराचं नाव लिहिताना अक्षरांची रांग लागते, उच्चार मात्र साधा : डन लीरी. हीनींची ‘ब्रोख’ ही छोटी कविता तर याच घशातल्या आवाजावर संपते, जो बाहेरच्यांना जमत नाही. आपला ‘ळ’ परक्याच्या तोंडी देऊन बघा, म्हणजे कविता लगेच पोचेल.

प्रश्न (औदुंबर) : येट्स आणि टागोर सर्वांना माहीत आहे. मराठीशी काही संबंध?

उत्तर : आहे, आणि तो आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो. बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी १९३१ मध्ये लंडनला गेले आणि येट्सशी त्यांची मैत्री जमली. त्यांच्या आत्मचरित्राला येट्सने प्रस्तावना लिहिली, ते १९३२ मध्ये आलं. पुढे स्वामींनी आपले गुरू हंस स्वामी यांचं कैलास-मानसच्या यात्रेचं मराठी पुस्तक इंग्रजीत आणलं. ते १९३४ मध्ये निघालं, त्यालाही येट्सचीच प्रस्तावना आहे. त्या यात्रेच्या टोकाला दत्तात्रेयाचं दर्शन आहे. म्हणजे दत्तभक्तीतला एक मराठी अनुभव येट्सच्या टेबलावर पोचला. त्याच सुमाराची त्याची ‘मेरू’ ही चौदा ओळींची कविता या वाचनातून आलेली आहे, तिच्यात बर्फाच्या गुहेतले तपस्वी आहेत. मग १९३५-३६ च्या हिवाळ्यात दोघांनी मायोर्का बेटावर बसून दहा उपनिषदांचं भाषांतर केलं, ते १९३७ मध्ये छापलं गेलं. स्वामींना संस्कृत येत होतं, येट्सला नव्हतं. इंग्रजी वाक्याचा कान येट्सचा. तुमच्या वाचनालयात सुरुवात करायची असेल तर ‘मेरू’ आणि हंस स्वामींच्या पुस्तकाची प्रस्तावना शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न (तासगाव) : आयर्लंडसारख्या पाट्या आपल्या भागातल्या लेखकांच्या जागी लावायच्या आहेत. ग्रंथालयाकडे पैसा थोडा आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पुतळ्याचा विचार आधी सोडा. डब्लिनच्या कालव्याकाठी बाकावर बसलेला कवी पॅट्रिक कॅव्हनाचा ब्राँझ पुतळा लोकांना आवडतो, कारण त्याच्याच कवितेत कालव्याकाठचं बाक मागितलेलं आहे. मजकुराशिवाय पुतळा म्हणजे नुसता धातू. तुम्ही मजकुरापासून निघा : शेटफळे, माडगूळ, हरिपूर, वाटेगाव यांपैकी एकच गाव घ्या, लेखनातला असा उतारा निवडा ज्यात ती जागा ओळखू येते, आणि पाटी त्या जागीच लावा, रस्त्याच्या सोयीच्या कोपऱ्यावर नाही. चार ओळींपेक्षा जास्त मजकूर उभ्याने कोणी वाचत नाही. खाली लेखकाचं नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, पुस्तकाचं नाव आणि साल, एवढंच. देणगीदारांची नावं ग्रंथालयाच्या भिंतीवर लावा, पाटीवर नको.

हक्क तपासा. गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, त्यांचा मजकूर खुला आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये आणि ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांच्यासाठी अनुक्रमे २०३६ आणि २०३७ अखेरपर्यंत वारसांची किंवा प्रकाशकांची लेखी परवानगी घ्या. व्यंकटेश माडगूळकरांसाठी हीच मुदत २०६१ अखेर आहे.

छापील फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत उडतो. ग्रॅनाइटवर कोरून घेतलं तर टिकतं, पण कोरणाऱ्याला मजकूर टाइप करून द्या, हाताने लिहून नको. वेलांटी आणि रफार तिथेच चुकतात. कोरण्याआधी कागदावर त्याच मापाचा नमुना काढून दोघांनी वेगवेगळा वाचा. आणि हरिपूरला संगमाकडे पाटी लावणार असाल तर २०१९ च्या पुराची खूण शेजारच्या भिंतींवर कुठपर्यंत आहे ते आधी बघून घ्या, पाटी तिच्या वर बसवा.